वाईनच्या बागेत आमचा गट

आज आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या एका गटाच्या अकरा जणी तुमच्याशी बोलतोय. आवाज एकीचा आहे, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी बसून ठरवलंय. म्हणून बोलताना ‘आम्ही’ म्हणतोय.

विषय आहे वाईन. ऐकून काही जणी रेडिओ बंद करायला उठतील. थांबा, जरा ऐकून घ्या. ज्या गटानं गावात बाटली आडवी केली, तोच गट एक दिवस वाईनची बाग बघायला गेला. का गेला, काय बघून आला आणि येताना काय घेऊन आला, ते सांगायचंय.

प्रभागाच्या ताईंनी बैठकीत विचारलं होतं, “नाशिकजवळच्या एका वायनरीत बागेतून फिरवतात, वाईन कशी होते ते दाखवतात, चवही देतात. मुंबई-पुण्याची माणसं पैसे भरून येतात. तुम्ही जाता का?” झालं, बैठकीत दोन तट पडले. आमच्या आक्का म्हणाल्या, “ज्या बाटलीनं माझं घर खाल्लं, तिच्या दारात मी पैसे भरून जाऊ?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गावातलं देशीचं दुकान बंद करायला आम्ही घरोघरी फिरलो तेव्हा आक्का सगळ्यात पुढे होत्या. महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो, तेव्हा दुकान हटतं. एकेक मत आक्कांनी हाताला धरून आणलं होतं.

दुसऱ्या बाजूनं मावशी बोलल्या. “आक्का, वीस वर्षं झाली, मी द्राक्षाच्या बागेत राबते. फेलफुटी काढते, विरळणी करते, घड औषधात बुडवते. पण द्राक्ष बागेबाहेर गेलं की त्याचं पुढं काय होतं, ते मला ठाऊक नाही. ते बघायला काय हरकत आहे?”

शेवटी ठरलं असं: जायचं सगळ्यांनी. चव घ्यायची की नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं. कुणी कुणाला आग्रह करायचा नाही आणि नावंही ठेवायची नाहीत. आक्का म्हणाल्या, “मी येते, पण आत बसणार नाही.” आम्ही म्हटलं, चालेल.

फेब्रुवारी महिना, तोडणीचे दिवस. मजुरी बुडवून सकाळी आठला आम्ही तिथे पोचलो. आमच्याबरोबर मुंबईचे दहा-बारा पाहुणे होते. डोक्याला टोप्या, पायात बूट. फिरवायला एक तरुण मुलगा होता, बोलायला चांगला.

बाग पाहून पहिलं आश्चर्य वाटलं. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाला मांडव असतो, नाहीतर वायच्या आकाराचा आधार. इथे वेली तारांवर सरळ उभ्या, हिरव्या भिंतींसारख्या ओळी. घड लहान, मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. आपल्या मालकानं असा माल पाहिला तर कपाळावर हात मारेल! पण वाईनला हेच लागतं. लाल वाईनचा रंग आणि चव सालीतून येते. मणी बारीक असला की रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून इथे मणी फुगवायला घड औषधात बुडवत नाहीत. एकरी मालही खाण्याच्या द्राक्षापेक्षा बराच कमी धरतात, म्हणजे आहे त्या घडात गोडी आणि चव उतरते.

त्या मुलानं एक मणी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळला आणि आम्हाला डोळा लावून बघायला दिलं. हे यंत्र आम्हाला नवीन नव्हतं. निर्यातीचा माल तपासायला येणारी माणसं तेच घेऊन फिरतात. खाण्याचं द्राक्ष 16 ते 18 ब्रिक्सला तोडणीला येतं. वाईनचं 22 ते 24 पर्यंत झाडावर ठेवतात. कारण आंबवताना त्याच साखरेचं अल्कोहोल होतं. साखर कमी तर वाईन हलकी.

मग एका पाहुण्या बाईंनी विचारलं, “वेलीच्या एकाच बाजूची पानं का काढलीत? दुसरी बाजू विसरलात का?” मुलगा जरा अडखळला. तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. “विसरले नाहीत, ताई. ओळ उत्तर-दक्षिण आहे. उगवतीकडून येतं ते सकाळचं ऊन. ते घडाला चालतं. त्यानं दव सुकतं, वारा खेळतो, भुरी कमी लागते. मावळतीचं ऊन घड भाजून काढतं, म्हणून त्या बाजूची पानं राखायची.” मग वेलीजवळ नेऊन कुठलं पान काढायचं, कुठलं ठेवायचं, तेही दाखवलं. पाहुणे गोळा झाले, एकानं मोबाईलवर चित्रण केलं. मुलगा मोकळेपणानं म्हणाला, “मावशी, हे मला इतकं नीट माहीत नव्हतं.” त्यानंतर पाहुणे त्याला कमी आणि मावशींना जास्त विचारायला लागले. छाटणी वर्षातून दोनदा का? तर एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी फळासाठी. आपल्या उष्ण हवेत वेल थंडीनं झोपत नाही, म्हणून तिला कात्रीनंच वळण लावायचं.

मैत्रिणींनो, त्या घटकेला आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ही माणसं पैसे भरून जे ऐकायला आली होती, ते आमच्या मावशींच्या बोटांत होतं. आणि त्या बोटांना मजुरीपलीकडे कधी काही मिळालं नव्हतं.

मग आत गेलो. तोडणी पहाटे करतात, माल थंड असताना. यंत्रात देठ वेगळे होतात. पांढरी वाईन करायची तर रस लगेच पिळून घेतात. लाल करायची तर सालीसकट आंबवतात. स्टीलच्या उंच टाक्यांत यीस्ट घालतात. ते साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि वायू बुडबुड्यांनी वर येतो. पांढऱ्या वाईनची टाकी थंड ठेवावी लागते, नाहीतर वास उडून जातो. आंबवणं आपल्याला काही नवं नाही. इडलीचं पीठ, जिलबीचं पीठ, पाड्यावरची मोहाची दारू, सगळं आंबवूनच होतं. इथे फरक आहे तो मोजमापाचा. प्रत्येक टाकीला पाटी, तारीख, तापमान, रोजची नोंद. आमच्या गटाच्या हिशेबाच्या वहीतसुद्धा इतक्या नियमानं नोंदी होत नाहीत, हे कबूल करतो.

नंतर चव घेण्याची खोली. आक्का बाहेर झाडाखाली बसल्या. आत सहा जणींनी द्राक्षाचा रस घेतला, चौघींनी वाईन. चवीची रीत अशी: पेला पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा, पेला फिरवायचा, वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा. आणि शेजारी एक भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकायचं. जाणकार माणसं थुंकतातच, नाहीतर दिवसभरात वीस वाईनी तपासणार कशा? आमच्या चौघींना हे ऐकून हायसं वाटलं. त्यांनीही थुंकलं.

पांढऱ्या वाईनचं नाव सोव्हिन्यो ब्लांक. मुलगा तिच्या वासासाठी परदेशी फळांची नावं सांगत होता. आमच्यातली एक म्हणाली, “अहो, ही तर हिरवी मिरची मोडल्याचा वास! मागून जरा कच्चा पेरू.” मुलगा हसला, म्हणाला, “अगदी बरोबर, जाणकारही हेच सांगतात.” शिराज नावाच्या लाल वाईनला जांभळाचा आणि मिऱ्याचा वास आला. चव कुणालाच फारशी आवडली नाही. तोंड आवळून आलं. पण नाक आपलंही कमी नाही, एवढं कळलं.

बाहेर आलो तर आक्कांनी एक हिशेब मांडून ठेवला होता. त्या दुकानाच्या दारात उभं राहून किमती वाचून आल्या होत्या. “एका बाटलीला द्राक्षं किती लागतात, ते त्या पोराला विचारा.” विचारलं. साधारण सव्वा किलो. “बाटली सातशेची. सव्वा किलोचे शेतकऱ्याला किती? आणि ते तोडणारीला किती?” पोरानं प्रामाणिकपणे सांगितलं की बाटली, यंत्रं, वीज, कर, साठवण, दुकानदार असे पुष्कळ वाटेकरी असतात. ते खरंच आहे. पण आक्कांचा प्रश्नही खराच आहे. वेलीपासून जितकं लांब जावं, तितका पैसा वाढत जातो. आणि आपण बायका असतो वेलीपाशी.

तिथून आणखी दोन गोष्टी घेऊन आलो, त्या ऐका.

पहिली, वाईनची बाग लावायचा विचार घरात असेल तर. हे द्राक्ष बाजारात पाटीत विकलं जात नाही. लहान, बियांचं, कोण घेणार? वायनरीनं घेतलं तरच ते विकतं. राज्याचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण 2001 साली आलं, वायनऱ्या वाढल्या, बागाही वाढल्या. पण 2008 नंतर मागणी पडली आणि अनेक शेतकऱ्यांना बागा तोडाव्या लागल्या. तेव्हा आधी लेखी करार, मग लागवड. करारात जात, ब्रिक्स, भाव आणि पैसे मिळायची तारीख लिहिलेली हवी. आणि तो करार घरातल्या बाईनं वाचलेला हवा.

दुसरी गोष्ट तब्येतीची. 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकू द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असं बोललं गेलं. हिशेब करून बघा. 150 मिलिलिटरच्या एका पेल्यात 12 टक्क्यांनी 18 मिलिलिटर अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण 13. म्हणजे वाईनचा पेला काही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की, दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका त्यानं वाढतो. गरोदरपणात तर थेंबही नको. द्राक्ष शेतात पिकतं म्हणून वाईन औषध होत नाही.

मग परत येऊन आम्ही काय केलं? पुढच्या बैठकीत मावशी म्हणाल्या, “बाग फिरवून दाखवायचे पैसे मिळतात, तर ती आपण का नाही दाखवत?” आक्कांनी लगेच अट घातली: बाटली नको. अट सगळ्यांनी मान्य केली. ठरलं असं: आपल्या शिवारातली खाण्याच्या द्राक्षाची बाग, आपणच फिरवणाऱ्या. वाईनऐवजी चार जातींच्या द्राक्षांची चव, तीही तशीच, रंग बघून, वास घेऊन. सोबत घरचे मनुके आणि रस. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो मनुका होतो, तेही दाखवायचं. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ.

कागदांची चौकशी केली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. त्या चौकशीतच पहिला कागद मागितला गेला तो जमिनीचा, सातबाऱ्याचा. अकरा जणींनी आपापल्या घरचे सातबारे आणले. नाव किती जणींचं होतं? दोघींचं.

बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. वेल कशी वाढवायची ते आम्हाला येतं, पान कुठलं काढायचं ते येतं, आता माहिती विकायचीही हिंमत आली. पण जमीन आमच्या नावावर नाही. शेवटी आक्काच बोलल्या. “आडवी बाटली करायला घरोघर फिरलो ना? मग आता यासाठी फिरू.” नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा.

सध्या ज्या दोघींचं नाव आहे, त्यांतल्या एकीच्या अर्ध्या एकरात आम्ही येत्या हंगामाची तयारी करतोय. बाकीच्यांपैकी पाच जणींनी अर्ज भरलेत. चौघींच्या घरी अजून बोलणं चालू आहे, त्यांतल्या एका घरी तर भांडण. आक्का रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गटानं वाईनची बाग बघायला जावं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक काम आजच करा. घरातला सातबारा काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ती मोठ्यानं वाचा. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.