मतं मोजायची की वाचायची?



नियम पक्का होण्याआधी लोकांना विचारायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. शहराचा प्रारूप विकास आराखडा निघाला की वर्तमानपत्रात बारीक टायपात नोटीस येते : हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. ती वाचतात कोण? बिल्डर, वकील, आर्किटेक्ट आणि ज्याच्या घरावरून रस्ता काढलाय तो. समाजमाध्यमं आल्यावर हेच काम लाखो लोक करू लागले. पण लोक वाढले म्हणून धोरण सुधारलं का? एकाच वर्षातले दोन प्रसंग सांगतो.

२७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, इंटरनेटवरच्या सेवांबद्दल सल्लामसलतीचा कागद काढला. पानं ११८, प्रश्न २०. काही ॲप फुकट आणि बाकीची पैसे मोजून, असा भेद कंपन्यांना करू द्यायचा का, हा त्यातला कळीचा मुद्दा. काही तरुणांनी या कागदाचा सोप्या भाषेत सारांश केला, प्रश्नांची मुद्देसूद उत्तरं तयार केली आणि ती ट्रायला पाठवायची सोय एका संकेतस्थळावर करून दिली. एआयबी या विनोदी मंडळींनी व्हिडिओ काढला, तो घराघरात पोचला. महिनाभरात दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. त्या गदारोळात फ्लिपकार्टनं ‘एअरटेल झीरो’ या असल्याच फुकट-ॲप योजनेतून अंग काढून घेतलं.

डिसेंबरात ट्रायनं याच भेदावर दुसरा कागद काढला. या खेपेला प्रश्न चारच. तेव्हा फेसबुकला ‘फ्री बेसिक्स’ ही मोजकी संकेतस्थळं फुकट दाखवणारी योजना पसरवायची होती. फेसबुक उघडलं की सूचना यायची, बटण दाबलं की पाठिंब्याचं तयार पत्र रवाना. एकूण २४ लाखांच्या आसपास प्रतिसाद आले आणि त्यांतले जवळजवळ १९ लाख फ्री बेसिक्सच्या बाजूचे. मतमोजणी असती तर निकाल लागलाच होता. पण त्या पत्रांत चार प्रश्नांचं उत्तरच नव्हतं. ट्रायनं फेसबुकला खरमरीत पत्र लिहिलं : सल्लामसलतीचं रूपांतर तुम्ही घडवून आणलेल्या कौलात करून टाकलंत. आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय दिला, मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी. मोडलं तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड.

कुणी म्हणेल, पहिल्या वेळची पत्रंही साचेबंदच होती. होती. पण त्या साच्यात प्रश्नाचं उत्तर होतं, नुसता जयजयकार नव्हता. ट्रायनं संख्येपुढे मान तुकवली नाही, मुद्दे तपासले. म्हणून मी म्हणतो, लोकांची मतं सरकारनं मोजू नयेत, वाचावीत.

तैवानमध्ये २०१५ साली उबरचा वाद असाच पेटला होता. तिथे ‘Pol.is’ नावाचं ऑनलाइन साधन वापरलं. त्यात कुणीही एक विधान लिहायचं आणि इतरांनी सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच सांगायचं. प्रत्युत्तर लिहायची सोयच नाही, त्यामुळे हमरीतुमरीला जागा उरली नाही. टॅक्सीवाले आणि उबरचे प्रवासी, दोघांनाही पटणारी विधानं वर आली : विमा हवा, परवाना हवा. पुढचे नियम त्याच वाटेनं गेले. आपल्या फेसबुकवर मात्र जो जास्त ओरडतो तोच वर दिसतो.

आणि भाषेचं काय? २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नियमांचा मसुदा आला तो इंग्रजी-हिंदीत. खाणीची धूळ ज्याच्या भातावर बसते त्यानं हरकत कुठल्या भाषेत घ्यायची? ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणायला सांगितलं. त्या मसुद्यावर लाखो ई-मेल गेले हे खरं, पण ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही त्याची हरकत तलाठ्याकडे कागदावरही घेतली पाहिजे.

नवं काही शोधायची गरज नाही. केंद्र सरकारचं २०१४ चं कायदेपूर्व सल्लामसलत धोरण सांगतं : मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवा, सोप्या भाषेत टिपण द्या, आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करा. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. न पाळणाऱ्याचं काही बिघडत नाही आणि गोषवारा तर क्वचितच निघतो.

तेव्हा आपलं पहिलं मागणं हेच असावं : हे धोरण कायद्यात आणा. कोणती सूचना घेतली, कोणती टाकली आणि का, हे खात्यानं मराठीत लिहून द्यावं. आणि पुढचा मसुदा येईल तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी त्यातला एक तरी प्रश्न स्वतः वाचा आणि त्याचं उत्तर चार ओळींत, आपल्या शब्दांत पाठवा. धोरण कायद्यात आलं, तर ते उत्तर फेटाळताना खात्याला कारण द्यावं लागेल.