गॅस नव्हे, घाम पाहा



रात्रीच्या जेवणानंतर छाती भरून येते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "गॅस झाला असेल." मग ओवा, सोडा, बाम, पाठीला शेक. हे सगळं मायेपोटीच होतं, पण त्यात तास-दोन तास जातात आणि माणूस दवाखान्यात पोचतो तो उशिरा. कारण तो हृदयविकाराचा झटका असू शकतो: हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तालुक्यालाही देता येतं. मेलेला स्नायू मात्र कुणालाच परत आणता येत नाही.

हे दुखणं सहसा एका बोटानं दाखवता येत नाही. माणूस अख्खा पंजा छातीवर ठेवतो, "कुणीतरी बसलंय" म्हणतो. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते. आणि घाम! पंखा चालू असताना अंग गार पडून दरदरून घाम सुटला, तर ओव्याचा डबा शोधू नका, 108 लावा. मधुमेहींना आणि बायकांना कधीकधी छातीत कळ येतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं. "कामाचा शीण असेल" म्हणून बाई स्वतःच ते अंगावर काढते, याचं मला फार वाईट वाटतं.

रुग्णाला जिना उतरवू नका, मोटरसायकलवर बसवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी देऊ नका. रक्तदाब एकदम उतरू शकतो.

आणि माणूस कोसळलाच, हाका मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर हृदय थांबलं आहे असं धरा. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं, यात वेळ दवडू नका. एकानं 108 लावावा. दुसऱ्यानं त्याला जमिनीवर उताणं निजवून छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवावा, कोपर ताठ ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमलात की दुसऱ्याला बसवा. बरगडी मोडेल अशी भीती वाटते, कधी मोडतेही. ती पुढे सांधते. रुग्णवाहिका दारात येईपर्यंत दाबत राहा.