जीर्णोद्धार : वास्तूचा आणि वस्तीचा



पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव उच्चारताच काशी, गया, सोमनाथ अशी तीर्थक्षेत्रांची मालिका डोळ्यांसमोर उभी राहते. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा या देवालयांचे पुण्यस्मरण ठिकठिकाणी झाले. ते योग्यच होते. परंतु देवालये उभारणाऱ्या या राज्यकर्तीने आपल्या राजधानीत माणसे कशी वसविली आणि त्यांच्या पोटाची सोय कशी लावली, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या वास्तूंचे आज काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तेथेच सापडते.

१७६७ साली कारभार हाती आल्यावर अहिल्यादेवींनी नर्मदातीरावरील महेश्वर येथे राजधानी नेली. तेथील त्यांचा वाडा आजही पाहावयास मिळतो. राजप्रासाद म्हणावा असा थाट त्यात नाही. लाकडी खांब, मधला चौक, देवघर. मराठी मुलखातील एखाद्या सधन घराण्याचा वाडा असावा तसा. त्याच राजधानीत देवींनी बाहेरून कुशल विणकर आणून वसविले आणि महेश्वरी वस्त्राची परंपरा रुजली. या वस्त्रांच्या काठांवरील नक्षी कोठून आली? घाटावरच्या आणि मंदिरांच्या दगडातील कोरीव कामातून, नर्मदेच्या लाटांतून. पाथरवटाने छिन्नीने जे कोरले, तेच विणकराने धाग्यात उतरविले.

संस्थाने विलीन झाली, राजाश्रय सरला, गिरणीच्या कापडाने बाजार व्यापला. मागांचा आवाज हळूहळू मंदावला. किल्ला उभा होता, घाट उभा होता. पण ज्या हातांनी त्या दगडांना वस्त्रात आणले, ते हात दुसरीकडे मजुरी शोधू लागले. अशा वेळी १९७८ साली होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर या दांपत्याने ‘रेहवा’ ही संस्था स्थापन केली. रेहवा म्हणजे रेवा, नर्मदाच. किल्ल्याच्या आवारातील जुन्या इमारतीत हातमाग पुन्हा सुरू झाले. स्त्रियांना विणकाम शिकविण्यात आले. हिंदू विणकर आले, मुसलमान विणकरही आले. पुढे विणकरांच्या मुलांसाठी शाळा निघाली. २००० साली वाड्याचा काही भाग अतिथींच्या निवासासाठी खुला झाला. परंतु देवींची गादी व देवघर यांचे पावित्र्य राखले गेले. मातीची लहान शिवलिंगे घडवून, त्यांची पूजा करून नर्मदेत विसर्जित करण्याची देवींची प्रथाही तेथे पुढे चालू राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुन्या वाड्याचे हॉटेल केले म्हणजे वारसा जतन झाला, असे मानण्याची सध्या पद्धत पडली आहे. पाहुणे येतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. गावाच्या वाट्याला भांडी घासण्याचे काम येते. महेश्वर वेगळे ठरते ते मागांच्या आवाजामुळे. तो आवाज थांबला, तर भिंती कितीही सुंदर राखल्या तरी ती केवळ सजावट होईल.

पुण्यातही याची साक्ष आहे. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, तो पुन्हा उभा राहिला नाही. राहिले ते तट आणि जोती. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबाग वाड्यालाही १८७९ साली आग लागली, पण तो सावरला गेला. १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली होती, तेव्हापासून वाडा विद्येच्या कामी लागला होता. पुढे नगरपालिकेची कचेरीही तेथे आली. पेशव्यांवरील निष्ठा दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो नित्याच्या वापराचा. आणि संघाची प्रारंभीची शाखा नागपूरच्या पडक्या मोहिते वाड्याच्या आवारात भरली, हे स्वयंसेवकांना वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्याचा मानतात. आज मात्र या नावाखाली काय चालते? काळ्या पाषाणाच्या शिल्पांना ऑईलपेंट फासला जातो, दगडी फरशीवर गुळगुळीत लाद्या बसतात, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंट ती आत कोंडते, आणि दोनशे वर्षे टिकलेली भिंत काही वर्षांत फुगून सुटू लागते. भक्तीने खर्च केलेला पैसाच वास्तूच्या मुळावर येतो.

म्हणून आपल्या गावात बंद पडलेली धर्मशाळा असेल, बारव असेल, ओस वाडा असेल, तर वर्गणीची पावतीपुस्तके छापण्याआधी दोन चौकशा कराव्यात. चुन्याचे काम जाणणारा जुना गवंडी पंचक्रोशीत कोणी हयात आहे का, आणि असल्यास त्याच्या हाताखाली शिकायला दोन तरुण देता येतील का? दुसरी चौकशी गावाकडे : या जागेत उद्या सकाळी कोण येणार? अभ्यासिकेची मुले, बचत गटाच्या भगिनी, की वारीच्या वाटेवरची दिंडी? मालकी कोणाची, भाऊबंदकी किती, हेही तेव्हाच पाहावे. बहुतेक वाडे पावसाने नव्हे, वाटणीच्या दाव्यांनी पडतात.

एवढे ठरेपर्यंत निदान पावसाळ्यापूर्वी छतावरचा पालापाचोळा काढून पन्हळी मोकळ्या कराव्यात आणि भिंतीतील पिंपळाची रोपे कोवळी असतानाच मुळासकट उचलावीत. पिंपळ तोडायला हात धजत नाही, हे खरे. तो गावाबाहेर मोकळ्या जागी लावावा, पार बांधावा. भिंतही वाचेल आणि पिंपळही.