भूक तोंडात नसते

आणे पठारापासून आहुप्यापर्यंत दवाखाने बंद ठेवून आलेल्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

परिषदेच्या पत्रिकेत माझा विषय 'चयापचयाचे आजार : सद्यःस्थिती' असा छापलाय. ती सद्यःस्थिती सकाळच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा बरी मांडली. मला एकच सांगायचंय, आणि ते वीस वर्षं घशात अडकलंय.

पेशंटला 'तोंड आवरा' म्हणणं आता बंद करा.

बालकृष्ण आनंद हे नाव या सभागृहात किती जणांना आठवतं? 1951 साली येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर त्यांनी उंदराच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा दोन्ही बाजूंचा इवलासा भाग निकामी केला. समोर अन्न असूनही उंदीर खाईना. पुढे याच आनंदांनी दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला. भुकेचं एकच केंद्र नसून मोठं जाळं आहे, हे नंतर कळलं. चरबीतून मेंदूला निरोप देणारं लेप्टिन 1994 मध्ये सापडलं, रिकाम्या जठरातून हाक मारणारं घ्रेलिन 1999 मध्ये. आणि आपल्या जवळच, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत, निशिकांत सुभेदार, अर्णब घोष आणि त्यांचे सहकारी झेब्राफिश नावाच्या बोटभर माशाच्या मेंदूत 'कार्ट' या भूक शमवणाऱ्या न्यूरोपेप्टाइडचा माग काढत होते. मासा उपाशी असला की कार्टच्या चार जनुकांपैकी काहींचं काम मेंदूच्या ठरावीक भागांत मंदावतं, हे त्यांनी 2014 मध्ये दाखवलं. माशाची भूक मेंदूत शोधली जाते. माणसाची मात्र आपण त्याच्या स्वभावात शोधतो!

सकाळी इथे सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनवरून जुंपली. एक तरुण मित्र म्हणाले, हे पैसेवाल्यांचे लाड आहेत, मनावर ताबा असला की इंजेक्शन लागत नाही. किमतीचं त्यांचं म्हणणं मान्य. ताब्याचं नाही. ते औषध मेंदूतल्या रिसेप्टरवरही काम करतं, म्हणून तर भूक उतरते. आणि ताबा म्हणाल, तर मी चाळीस वर्षं एकादशी केलेला माणूस. मध्यंतरी दुखण्यासाठी दीड महिना स्टेरॉइड घ्यावं लागलं. रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात उभा राहून शिळी बाजरीची भाकरी कोरडी खात होतो. तिसरी. बायको दिवा लावून म्हणाली, "भस्म्या झालाय का तुम्हाला?" गोळ्या कमी होत गेल्या, तसा माझा ताबा आपोआप परत आला. त्यात माझं कर्तृत्व शून्य. माझ्या बाजूने वाद तिथेच मिटला.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र मला बरं वाटत नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एक बाई कांदा लागवडीच्या मजुरीला मंचरकडे यायच्या. वजन जेमतेम बेचाळीस किलो, आणि साखर तीनशेच्या घरात. मी सवयीने म्हणालो, "मावशी, भात कमी करा, तोंड आवरा." त्या म्हणाल्या, "डाक्टर, कमी म्हंजी किती? येकदाच तर आसतो." मी उत्तर दिलं नाही. पुढचा पेशंट आत बोलावला. त्या परत आल्या नाहीत. केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे : 'आहार समजावून सांगितला.'

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेत होते. तिथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं 3.5 किलोचं, पण पाठीवरच्या चरबीत तेवढा फरक नव्हता. म्हणजे स्नायू तुटपुंजे, चरबी राखलेली. मी जिला तोंड आवरायला सांगत होतो, तिचा हिशेब कदाचित तिच्या आईच्या पोटातच मांडला गेला होता. हे संशोधन छापून आलं तेव्हा मी वाचलं होतं. वाचूनही तोंडातून जुनंच निघालं.

काय करायचं, ते मोघमच सांगतो. केसपेपरवर 'शेवटचं जेवण कधी, काय' असा एक रकाना घालू. सोबतीला मजुरीचा हंगाम लिहू. वर्षभराने सगळ्यांचे कागद एकत्र करून कुणातरी जाणत्याला दाखवू. कुणाला, ते अजून ठरलेलं नाही. छपाईचं ओतूरच्या मंडळींनी बघावं; नाहीतर चहाच्या वेळी बोलू.