नवीन लॅपटॉपसाठी कर्ज काढण्याआधी

मागच्या वेळी मी म्हटलं होतं की पुढच्या कार्यक्रमात कॉम्प्युटरचा विषय घेईन. त्यावर दोघी-तिघींनी मला बाजारात गाठून विचारलं, "ताई, त्यातलं आम्हाला काय कळणार?" म्हणून आज सुरुवात कर्जापासूनच करते. कर्ज तर आपल्याला सगळ्यांना कळतं.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. आमच्या गटाच्या बैठकीत एका वहिनींनी ४०,००० रुपयांची मागणी ठेवली. मुलगी बी. कॉम.ला गेली होती, तिला लॅपटॉप हवा होता. आमचं अंतर्गत कर्ज महिना दोन टक्क्यांनी. मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडणी करून दाखवली. महिन्याला २,००० मुद्दल फेडलं तर वीस हप्ते. पहिल्या महिन्याला व्याज ८००, मग ७६०, मग ७२०, असं उतरत शेवटच्या हप्त्याला ४०. सगळं व्याज मिळून ८,४०० रुपये. म्हणजे लॅपटॉप पडला ४८,४०० ला. वहिनी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "घरात एक आहे तसा. दिरांनी पुण्याहून दिलेला. पण तो बंदच पडल्यासारखा आहे. तालुक्याला दाखवला तर दुकानदार म्हणाला भंगारात काढा, दीड हजार देतो."

मी म्हटलं, कर्ज आज मंजूर करू नका, आधी तो लॅपटॉप घेऊन या.

दुसऱ्या दिवशी त्या घेऊन आल्या. चालू केला. चहा ठेवला, उकळला, गाळला, प्याला, तेव्हा कुठे पडद्यावर चित्रं आली. पण चालू झाला! बंद पडलेला आणि हळू झालेला यात फार फरक आहे. म्हैस आटली म्हणून कुणी ती खाटकाला देत नाही.

आता हळू का होतो ते सांगते. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर म्हणजे काम करणारा हात. रॅम म्हणजे ओटा. आणि डिस्क म्हणजे माळा, जिथं सगळं सामान ठेवलेलं असतं. ओटा लहान असेल तर एक भांडं ठेवायला दुसरं उचलावं लागतं, हात कितीही चपळ असू दे. आणि सामान काढायला दर वेळी शिडी लावून अंधाऱ्या माळ्यावर चढायचं असेल तर भाकरी कधी व्हायची? जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क तशी असते. आत एक तबकडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सुई शोधत बसते. एसएसडी नावाची नवी डिस्क असते, तिच्यात फिरणारं काही नसतं. सामान हाताशी मांडणीवर लावल्यासारखं.

आपल्या मशीनमध्ये कोणती आहे ते स्वतः बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जा. मेमरीसमोर रॅम किती ते दिसतं, आणि डिस्कच्या खाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं. वहिनींच्या लॅपटॉपवर रॅम ४ जीबी, डिस्क एचडीडी, आणि काही काम चालू नसताना डिस्क १०० टक्के. बिचारी शिडीवरून उतरतच नव्हती.

आम्ही तालुक्याला दुसऱ्या दुकानात गेलो. २५६ जीबीची एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ केली. मजुरीसकट ३,९०० रुपये झाले. आता तो लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उघडतो. वहिनींनी ४०,००० ऐवजी ४,००० कर्ज घेतलं आणि चार महिन्यांत फेडलं. त्यानंतर रॅमचे भाव बरेच चढलेत, तेव्हा तुम्ही जाल त्या दिवशी दोन दुकानांत विचारा. दोन्ही करायला पैसे नसतील तर आधी एसएसडी घाला, फरक तिथं जास्त पडतो. रॅम डीडीआर-३, डीडीआर-४ अशा प्रकारची येते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून लॅपटॉप सोबत न्यायचाच.

दुकानात काम देताना आणखी तीन गोष्टी सांगून ठेवते, कारण तिथं आपण घाईत असतो, एसटीची वेळ झालेली असते. डिस्क बदलायच्या आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. काढलेली जुनी डिस्क मागून घ्या. तिच्यात तुमच्या आधारकार्डापासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं आहे, आणि दोन-चारशे रुपयांची डबी घेऊन ती बाहेरून जोडताही येते. तिसरं, लॅपटॉपबरोबर अस्सल विंडोज आलं असेल तर डिस्क बदलली तरी त्याचा परवाना त्या मशीनवरच राहतो. ते पुन्हा घालायची मजुरी द्या, पण चोरीचं विंडोज घालून घेऊ नका. ते घालताना बरेचदा आधी संरक्षणच बंद करतात. म्हणजे घराला कुलूप लावायचं म्हणून आधी दार काढून ठेवायचं.

आता एक अडचण आहे, ती लपवत नाही. प्रत्येक जुनं मशीन असं वाचत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची सुरक्षा देणं थांबवलं. मशीन चालतं, पण नवीन भगदाडं सापडली तर ती बुजवली जात नाहीत. एक वर्षाची जादा मुदत देतात, त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ वर जायचं तर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. वहिनींचा नेमका आठव्या पिढीचा होता, म्हणून अस्सल विंडोज १० वरून ११ फुकट मिळालं. आमच्या गटाचा मोठा कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा. त्यावर लिनक्स मिंट घातलं आहे. ते फुकट असतं, मराठी टाइप होतं, लिबरऑफिसमध्ये हिशोबाचे तक्ते होतात. शेंगदाणा चटणीची लेबलं आम्ही त्यावरच करतो. पहिले पंधरा दिवस सचिवताई माझ्याशी नीट बोलत नव्हत्या, कारण सगळी बटणं हलली होती. आता विचारलं तर म्हणतात, हेच बरं आहे.

ही पिढी ओळखायची कशी? सेटिंग, सिस्टिम, अबाउट. तिथं आय-फाइव्ह आणि पुढे आकडा असतो. ८२५० असेल तर सुरुवातीचा ८ म्हणजे आठवी पिढी. ३२१० असेल तर तिसरी. सुरुवातीला १०, ११, १२ असे दोन आकडे असतील तर तितकी पिढी. शेजारच्या गावात एका बाईंना २२,००० ला जुना लॅपटॉप विकला, "आय-फाइव्ह आहे, भारी आहे" म्हणून. निघाला तिसऱ्या पिढीचा, २०१२ च्या सुमाराचा. नुसतं आय-फाइव्ह ऐकून भुलू नका. नव्या पिढीचा आय-थ्री त्याच्या पुढे पळतो.

जुना विकत घेत असाल तर दिवसाउजेडी, तासभर वेळ काढून घ्या. चार्जर काढून अर्धा तास चालवा, बॅटरी कळते. प्रत्येक बटण दाबून टाइप करा. झाकण तीन-चार वेळा उघडझाप करा, बिजागरी सैल असेल तर पुढे पडदा जातो. कॅमेरा, स्पीकर, वायफाय बघा. बंद करून परत चालू करा. पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो सांगता आला नाही, तर तिथूनच उठा. आणि बिल. बिलावर मशीनचा सिरियल नंबर पाहिजेच. चोरीचा माल निघाला तर पोलिसांना दाखवायला तेवढाच कागद असतो.

नवीनच घ्यायचा ठरला तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी यापेक्षा कमी घेऊ नका. सणासुदीला स्वस्तात ४ जीबीचे, ६४ जीबी जागेचे लॅपटॉप निघतात. त्यांची रॅम बऱ्याचदा बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. विंडोजनंच अर्धी जागा खाल्लेली असते. बॅग आणि माउस फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. दुरुस्ती केंद्र जिल्ह्याच्या गावी आहे का ते विचारा, नाहीतर प्रत्येक वेळी पुण्याला पाठवतात आणि पोरीची परीक्षा निघून जाते. गटाचा असेल तर बिल गटाच्या नावाने घ्या, अध्यक्षांच्या यजमानांच्या नावाने नको.

आता जे सांगायला मला आजही जड जातं ते सांगते.

मी बी. ए. झालेली, गटांची समन्वयक, बायकांना ओटीपी सांगू नका म्हणून शिकवणारी. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर चालत नव्हता म्हणून त्याचा प्रोग्राम इंटरनेटवर शोधत होते. कुठल्यातरी पानावर बोट पडलं आणि पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा." आत बारा गटांचे हिशोब होते. मी घाबरले आणि फोन केला. समोरचा माणूस अतिशय गोड हिंदीत बोलत होता, "घबराइए मत, मैडम." त्याने एक प्रोग्राम टाकायला लावला. मग माझा माउस आपोआप हलायला लागला. तो सगळं बघत होता. म्हणाला, नोंदणीचे फक्त दहा रुपये भरा. मी कार्डाचा नंबर टाकला, फोनवर ओटीपी आला, आणि मी तो वाचून दाखवला. खात्यातून १४,८०० गेले. माझ्या मानधनाचे साठवलेले.

गटाचं खातं वाचलं, कारण त्यातून दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत. त्या दिवशी माझ्या शेजारी दुसरी कुणी बसलेली असती तर तिने मला "थांब" म्हटलं असतं. तेव्हापासून मी नियम केलाय की मशीनवर पैशाचं काही आलं किंवा भीती घालणारं काही दिसलं तर दुसऱ्या बाईला हाक मारायची. तोवर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.

तो लाल पडदा म्हणजे नुसतं इंटरनेटचं एक पान असतं. त्यावरचा नंबर लावायचा नाही. ऑल्ट आणि एफ-फोर दाबून बंद करा. नाही झालं तर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मशीन बंद होईल, हिशोब जागेवर राहतील. आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० हा नंबर लावा, बँकेला कळवून कार्ड बंद करा. मी अर्ध्या तासात लावला, म्हणून ६,००० पुढच्या खात्यात अडकले आणि चार महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले. मी यजमानांना सांगायला लाजले असते आणि दुसऱ्या दिवसावर टाकलं असतं, तर तेही गेले असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का, असं बऱ्याच जणी विचारतात. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो. तो चालू ठेवला आणि अपडेट होऊ दिले तर आपल्या घरच्या कामाला पुरतो. अपडेट आलं की "नंतर" दाबायची सवय मात्र सोडा, रात्री चार्जिंगला लावून होऊ द्या. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला की उघडायच्या आधी त्यावर उजवं बटण दाबून स्कॅन करा. फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर त्यांवर क्लिक करू नका.

एक गोष्ट तुमच्या गटात आजच तपासा. गटाचा ईमेल कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे? आमच्या एका गटाचा ईमेल दुकानदाराने स्वतःच्या नंबरवर काढून दिला होता. पासवर्ड विसरला, तर कोड जायचा त्याच्या फोनवर. दुसऱ्या गटाचा सचिवांच्या मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा चाकणला कंपनीत रात्रपाळीला. नंबर गटातल्याच बाईचा हवा, आणि पदाधिकारी बदलले की शिक्के-वह्यांबरोबर पासवर्डही हवाली करून बदलायचा. तशी नोंद इतिवृत्तात करा.

हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरशेजारी नको, दुसऱ्या घरी, कपाटात. आणि वह्या लिहायच्या थांबवू नका. गेल्या पावसाळ्यात वीज पडून एका ग्रामसंघाचं मशीन जळालं, तेव्हा वह्यांवरून दोन आठवड्यांत सगळं परत भरता आलं. ढग गडगडायला लागले की वायर भिंतीतून काढा. लॅपटॉप गोधडीवर ठेवून चालवू नका, खालची हवा अडते आणि तो तापतो. उंदरांचं तर मी काय सांगू, आमची माउसची वायर दोनदा कुरतडलीय.

शेवटी एका ताईंचा प्रश्न घेते, त्यांनी फोनवर निरोप ठेवला होता. जुना लॅपटॉप भाचीला द्यायचाय, त्यातलं सगळं पुसायचं कसं? ताई, आधी तुम्हाला हवं ते उतरवून घ्या. मग सेटिंगमध्ये रिकव्हरी, त्यात रीसेट धिस पीसी, आणि रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा. पुढे ड्राइव्ह साफ करायचा पर्याय येतो, तोही चालू करा. दोन-चार तास लागतील, चार्जर लावून ठेवा. नुसतं डिलीट दाबलेलं परत काढता येतं, म्हणून हा खटाटोप. बाहेरच्या माणसाला विकत असाल तर डिस्क काढून घेतलेली जास्त बरी.

पुढच्या वेळी रेशनकार्डातल्या नावांच्या दुरुस्तीबद्दल बोलू. तोवर नमस्कार.