त्यांच्या दारातली आग
(सावनेर येथील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मी ख्रिस्ती माणसांबद्दल बोलणार आहे. लगेच कुणीतरी म्हणेल, 'आपण बौद्ध. पाद्र्यांच्या भानगडीत कशाला पडायचं?' म्हणून आधी सांगतो, जळालं कोण.

ओडिशातला कंधमाळ जिल्हा. 23 ऑगस्ट 2008 ला तिथे स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्या चार साथीदारांचा खून झाला. 'आम्ही मारलं' असं माओवाद्यांनी सांगितलं. खून तो खूनच, त्याचं समर्थन नाही. पण सूड कुणावर उगवला? गावोगावच्या ख्रिस्ती वस्त्यांवर! आठवडेच्या आठवडे घरं जळत होती, चर्चं फोडली जात होती. हजारो माणसं लेकरं काखेला मारून जंगलात पळाली. सरकारी आकडा, 39 मेले. जे जगले त्यांना धमकी, गावात यायचं तर हिंदू होऊन या.

हे ख्रिस्ती कोण? कंध आदिवासी होते, आणि पाण जातीचे दलित फार मोठ्या संख्येनं. म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच गावकुसाबाहेरचे. जातीला लाथ मारून निघाले, तर जात पेट्रोल घेऊन चर्चपर्यंत मागे आली.

आणि कायदा? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरवलं. शीख 1956 ला आत आले. आपण बौद्ध 1990 ला. चौतीस वर्षं आपण त्या दाराबाहेर उभे होतो, विसरलात काय? दलित ख्रिस्ती तिथेच उभा राहिला. त्याचं घर जाळलं तरी ॲट्रॉसिटीचा कायदा त्याच्या कामाचा नाही. 2016 ला सुप्रीम कोर्टापुढे कंधमाळचा हिशेब आला. नोंदलेले गुन्हे 827. निकाली खटले 362. शिक्षा फक्त 78 खटल्यांत. बाकीच्यांत न्याय कुठे गेला?

आता आपल्या दाराशी या. सावनेरहून सौंसरच्या रस्त्याला लागा, थोड्या वेळात मध्यप्रदेश. तिथे 2021 ला कायदा झाला, धर्म बदलायचा तर 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवा. गुजरातनं 2003 च्या कायद्यात आधी परवानगीच मागितली. आणि 2024 ला परिपत्रक काढून बजावलं की हिंदूला बौद्ध व्हायचं तरी परवानगी लागेल. पाद्र्याच्या नावानं बांधलेलं कुंपण दीक्षाभूमीच्या वाटेवर आलं की नाही? 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी कुठल्या कलेक्टरची परवानगी घेतली होती?

म्हणून पोरांनो, ठराव करून घरी जाऊ नका. तुमच्या मोहल्ल्यात रविवारी कुणाच्या घरी प्रार्थना चालत असेल तर त्यांची ओळख करून घ्या. टोळकं जमलं की त्याच्या आधी आपण दारात उभे पाहिजे. ठाण्यात त्यांच्यासोबत जा, एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. साक्षीदाराला निकाल लागेपर्यंत एकटं सोडू नका. साक्षीदार फुटला की खटला मेला.

त्यांचा देव मानायची गरज नाही. देव बदलायचा, टाकायचा त्यांचा हक्क तोच आपला हक्क आहे. तो त्यांच्या दारात जळाला तर आपल्या दारात शिल्लक राहत नाही.

जयभीम!