चेहऱ्याखाली नाव हवे
(कुरुंदवाड येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



फोटो ही लग्नकार्यातली हौस, तिचा समाजकार्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो फार जुना आहे. ज्या समाजाकडे शतकानुशतके कोणी मान वर करून पाहिले नाही, त्याचा फोटो कोण काढतो, कसा काढतो आणि खाली काय लिहितो, हा मानाचा प्रश्न आहे.

इंग्रज सरकारच्या आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड लंडनमध्ये निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी समोरच्याची ओळख जात किंवा जमात एवढीच दिली आहे. कॅमेऱ्यापुढे बसलेल्या माणसाचा असा नमुना झाला. राज्यकर्त्याला प्रजेची वर्गवारी हवी होती, तिचे नाव-गाव नको होते.

त्याच शतकात अमेरिकेत याच कॅमेऱ्याचा उलटा उपयोग एका माणसाने करून दाखविला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपण जाणताच. त्या लढ्यातला एक थोर पुढारी म्हणजे फ्रेडरिक डग्लस. जन्माने गुलाम, १८३८ साली निसटून तो स्वतंत्र झाला. त्याची १६० हून अधिक छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रे काळ्या माणसाला खिदळणारा, बावळट दाखवीत. डग्लस मात्र नीट कोट घालून, गंभीर मुद्रेने बसे. छायाचित्रे माणसाच्या मनावर काय परिणाम करतात, यावर त्याने १८६१ साली व्याख्यानही दिले होते.

आता आपल्या घरातले उदाहरण पाहा. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला बाबासाहेबांचा कुटुंबासमवेतचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात रमाबाई आहेत, यशवंत आहेत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्या दिवशी कॅमेरा आला नसता, तर हे भरले घर आपल्याला दिसले असते काय?

परंतु थोरांचे फोटो भिंतीवर लावून काम संपत नाही. मार्च १९२० मध्ये आपल्या जवळच्या माणगावात परिषद झाली. राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब तेथे होते. त्यांचे चेहरे आपण ओळखतो. पण भाकरी बांधून पायी आलेली जी माणसे समोर बसली होती, त्यांतली किती आपण नावानिशी ओळखतो?

ही उणीव भरून काढण्याचे काम अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईत केले. १९८८ पासून ते वृत्तपत्र छायाचित्रकार. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांसोबत राहून त्यांनी कृष्णधवल छायाचित्रे काढली. हे कामगार बहुतांशी दलित. कचऱ्यात आणि गटारात उतरलेली माणसे त्यांनी दाखविली, तशीच त्यांची घरे आणि बायकामुलेही दाखविली. ज्यांच्या अंगावरून शहर रोज नाक दाबून जाते, त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडविणे शहराला भाग पडले. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मात्र केवळ फोटोने कामगारांचे हाल संपत नाहीत. संघटना आणि कायदा लागतोच. फोटो एवढेच करतो, की ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही पळवाट बंद करतो.

आपला गाव कृष्णा-पंचगंगेच्या काठचा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सोसले. अशा वेळी मदतवाटपाचे फोटो निघतात. देणारा कॅमेऱ्याकडे पाहतो, त्याचे नाव खाली येते. घेणारी आजी मात्र नुसती ‘पूरग्रस्त’! मदत हवी, पण दीनपणाचा शिक्का नको. त्याच पुरात भिंतीवरचे आणि ट्रंकेतले जुने फोटोही भिजून जातात. घरटी जो एखादा फोटो असतो, तोच गेला तर त्या माणसाचा चेहरा कायमचा जातो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. आज तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचे फोटो काढा. आधी विचारा, नको म्हणाले तर आग्रह करू नका. कसे बसायचे, काय नेसायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. मोळीविकी, शेतमजूर, चांभारकाम करणारे काका, सगळ्यांचे पूर्ण नाव, गाव, काम आणि तारीख लिहून ठेवा. पहिली प्रत त्यांच्या हाती द्या. मगच एक प्रत संस्थेत उंच कपाटात ठेवा आणि एक गावाबाहेर कोणाकडे तरी ठेवा. एक पथ्य मात्र पाळा. अत्याचार झालेल्या माणसाचा चेहरा किंवा नाव बाहेर गेल्याने त्याला धोका असेल, तर ते राखून ठेवा. त्याचा मान आपल्या फोटोपेक्षा मोठा आहे.

उद्या तुमची मुले विचारतील, आमची माणसे कोण होती? तेव्हा त्यांच्यापुढे चेहरा ठेवा, आणि त्या चेहऱ्याखाली नाव असू द्या.

जय भीम.